स्की घालून कड्यावरून उडी, आणि आपलं वय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या फेब्रुवारीत, वयाच्या ५३व्या वर्षी, मी गुलमर्गला जाऊन स्की शिकून आले. तेव्हापासून मुलुंडच्या आमच्या ट्रेकच्या मंडळींत, ऑफिसात डबा खाताना आणि लोकलमध्ये मला तेच तेच प्रश्न विचारले जातायत. त्यातले निम्मे माझ्या स्कीबद्दल नसतातच. मोबाइलवर ते व्हिडिओ फिरतात ना, माणूस कड्याच्या टोकावरून स्कीसकट स्वतःला झोकून देतो ते, त्यांच्याबद्दल असतात. उरलेले निम्मे वयाबद्दल. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञही नाही. वीसेक वर्षं सह्याद्रीत लोकांना दोरावरून खाली उतरवलंय आणि वाचायची खोड आहे, एवढीच माझी शिदोरी.

हे लोक नेमकं करतात काय? ऑलिंपिकमध्ये दाखवतात तेच का?

नाही. तीन वेगळ्या गोष्टींची आपल्याकडे सरमिसळ होते. ऑलिंपिकमधल्या स्की जंपिंगला बांधलेली घसरगुंडी असते आणि खाली तयार केलेला उतार. उडणारा त्या उताराला धरून जातो, त्यामुळे शंभरावर मीटर लांब गेला तरी जमिनीपासून फार वर नसतो. दुसरी गोष्ट कड्यावरची उडी. इथे डोंगर आहे तसा असतो, खाली मऊ बर्फ, आणि स्कीवरच उतरून पुढे निघून जायचं. स्कीवाले तिला नुसतं 'ड्रॉप' म्हणतात. तिसरी म्हणजे स्की-बेस. कडा इतका उंच की खाली स्कीवर उतरायचा प्रश्नच येत नाही. हवेतच स्की सोडून द्यायच्या आणि पॅराशूट उघडायचं. अमेरिकेच्या रिक सिल्व्हेस्टरनं १९७२ साली योसेमिटीतल्या एल कॅपिटनवरून अशी उडी मारली, तेव्हा या प्रकाराला नावसुद्धा पडलं नव्हतं.

तुमच्या ग्रुपवर येतो तो बहुतेक वेळा दुसरा प्रकार. त्याच्या स्पर्धाही होतात. स्वित्झर्लंडमधल्या व्हर्बिएला बेक दे रोस नावाच्या डोंगरावरची स्पर्धा त्यांतली मानाची. तिथे त्या उतारावर आधी सराव करता येत नाही. समोरून दुर्बीण लावून खडकांमधली वाट डोक्यात बसवायची आणि वर गेल्यावर ती उलट्या बाजूनं ओळखायची. आमच्यातल्या ज्यांनी धुक्यात घाटवाट शोधली आहे, त्यांना यातली खरी गोम कळेल. उडी नंतर येते, आधी वाट सापडावी लागते.

एवढ्या उंचीवरून पडून माणूस जिवंत राहतोच कसा?

विहिरीपासून सुरू करू. मे महिन्यात कोकणात गेलेल्या चाकरमान्यांच्या पोरांना हे शिकवावं लागत नाही. सूर नीट लागला की पाणी वाट देतं, पोटावर पडलात की तेच पाणी फरशीसारखं लागतं. उंची तीच, विहीर तीच. थांबायला जागा किती मिळाली, सगळा खेळ त्यावर.

दहा मीटर म्हणजे साधारण तिसरा मजला. तिथून पडलेला माणूस खाली येईपर्यंत ताशी ५० किलोमीटरच्या वेगात असतो. हा वेग काँक्रीटवर बोटभर अंतरात संपतो. तो एक मीटर भुसभुशीत बर्फात रुतत संपला, तर शरीरावर वजनाच्या साधारण दहापट जोर येतो. अर्धाच मीटर मिळाला तर वीसपट.

त्यात उताराची भर घाला. खाली ४५ अंशाचा उतार असेल तर पडण्याचा वेग पूर्णपणे पायांवर येत नाही, त्यातला मोठा भाग उताराच्या दिशेनं पुढे निघून जातो. हिशोब केला तर दहा मीटरची उडी गुडघ्यांना पाच मीटरच्या उडीइतकीच लागते. त्यामुळे सपाटीवरची तीन मीटरची उडी गुडघा फोडू शकते आणि तीव्र उतारावरच्या दहा मीटरच्या उडीनंतर माणूस हसत पुढे जातो.

म्हणून जाणकार स्कीवाल्याला कड्याच्या उंचीचं एवढं अप्रूप नसतं. त्याचं लक्ष खाली. उतार कुठवर आहे, बर्फ किती खोल आहे, बर्फाच्या खाली खडक दबा धरून बसलाय का, उतरल्यावर पुढे निसटायला मोकळं मैदान आहे की झाडं आहेत. आणखी एक, त्याच जागी आधी कुणी उतरून गेलंय का? कारण पहिल्यानं खड्डा पाडलेला असतो आणि आतला बर्फ दाबून टणक केलेला असतो. मित्रानं मारली म्हणून त्याच्याच पाठोपाठ त्याच जागी मारलेली उडी ही त्याच्या उडीसारखी नसतेच. व्हिडिओत हे कधी दिसत नाही.

आजवरची सर्वांत मोठी उडी किती?

फोर्टात राजाबाई टॉवरखाली उभे राहून वर बघा. तो २८० फूट. अमेरिकेच्या जेमी पिएरनं जानेवारी २००६ मध्ये वायोमिंगमधल्या ग्रँड टारगी इथे २५५ फुटांवरून उडी मारली, म्हणजे टॉवरपेक्षा थोडीच कमी. तो डोक्यावर पडला आणि बर्फात पुरा गाडला गेला. मित्रांनी उकरून काढला तर ओठ फुटलेला, बाकी धडधाकट. याला स्कीवर उतरणं म्हणायचं का, यावर स्कीवाल्यांत वाद झाला आणि तो वाद रास्त होता.

दोन वर्षांनी, २००८ मध्ये, नॉर्वेच्या फ्रेड सिव्हर्सननं १०७ मीटर म्हणजे ३५१ फूट गाठले. टॉवरच्या वर आणखी सहा-सात मजले चढवा. आणि ही उडी ठरवून मारलेलीच नव्हती! चित्रीकरण चालू होतं, उतरताना त्याची वाट चुकली, आणि पुढे जमीन नाही हे कळलं तेव्हा थांबायला वेळ उरला नव्हता. थांबायच्या धडपडीत वेडावाकडा कोसळण्यापेक्षा त्यानं सरळ उडी घेतली. यकृताला थोडा मार बसला, बाकी तो सहीसलामत.

विक्रमांत मला या दुसऱ्या उडीचं अप्रूप जास्त आहे. चूक झाल्यावर त्या निमिषात त्याला जे सुचलं ते बळ वापरून नाही, वर्षानुवर्षांच्या सरावातून सुचलं.

हे सगळे विशीतले पोरगेच ना? लग्न झालं, मूल झालं की थांबत असतील.

मलाही तसंच वाटायचं. वयं काढून बघितली तेव्हा समजूत मोडली.

जेमी पिएर त्या उडीच्या वेळी ३२ वर्षांचा होता. कड्यावरच्या उड्यांना ज्यानं खऱ्या अर्थानं वेगळं वळण दिलं तो शेन मॅकॉन्की, भुसभुशीत बर्फात आज सगळे वापरतात त्या रुंद, दोन्ही टोकांकडे वर उचललेल्या स्कीच्या कल्पनेमागचा माणूस, मार्च २००९ मध्ये इटलीच्या डोलोमाइट पर्वतात स्की-बेस करताना गेला. वय ३९, घरी लहान मुलगी. हवेत स्की वेळेत सुटल्या नाहीत, त्या सोडवण्यात पॅराशूट उघडायचा वेळ गेला. रशियाचा वालेरी रोझोव्ह नोव्हेंबर २०१७ मध्ये नेपाळात आमा दबलाम शिखरावरून विंगसूट म्हणजे पंखांसारखा पोशाख घालून उडी मारताना गेला, तो ५२ वर्षांचा होता. माझ्याहून एकच वर्ष लहान.

आणि आता जेमी पिएरचं पुढचं ऐका. २५५ फुटांवरून ओठ फोडून परतलेला हा माणूस नोव्हेंबर २०११ मध्ये गेला तो कड्यावरच्या उडीत नाही. हंगाम सुरू व्हायच्या आधी, युटातल्या स्नोबर्डला, एका उतारावर लहानसा हिमप्रपात आला आणि त्याला खडकांवरून घेऊन गेला. वय ३८. फॉर्म्युला वनचा मायकेल शूमाकर घ्या. ताशी ३०० किलोमीटरच्या गाड्यांतून सुखरूप उतरलेला माणूस २९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समध्ये स्की करताना खडकावर आपटला. ४५वा वाढदिवस पाच दिवसांवर होता, डोक्यावर हेल्मेट होतं.

मला यातून जे दिसतं ते असं: वय वाढलं की माणूस धोका सोडत नाही, डोळ्यांत भरणारा धोका सोडतो. सवयीचा तसाच चालू ठेवतो. मुंबईकराला याचा दाखला शोधायला आल्प्सपर्यंत जायला नको. आपल्या उपनगरी रेल्वेमार्गांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं जातात. त्यांतली कितीतरी रूळ ओलांडताना. ती काही सगळी विशीतली नसतात. हातात भाजीची पिशवी असलेली, साठीची, पूल चढायचा कंटाळा आलेली माणसं मी स्वतः रोज बघते. त्यांना कड्याच्या टोकाशी या म्हणा, चार पावलं मागे सरतील.

तरुणांना भीतीच वाटत नाही का?

वाटते. आपण समजतो त्याच्या उलट आहे. 'त्यांना धोका कळत नाही' हे आपलं लाडकं वाक्य, पण धोक्याचा अंदाज विचारला तर कुमारवयीन मुलं कित्येकदा तो मोठ्यांपेक्षा जास्तच सांगतात. धोका दिसत असतो. त्या क्षणी मिळणाऱ्या मजेचं पारडं मात्र त्यांच्या लेखी जड असतं. मेंदूत मजा आणि बक्षीस हुंगणारा भाग किशोरवयात जोरात असतो आणि लगाम धरणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. गाडीचं इंजिन आधी आलं, ब्रेक मागाहून, असं काहीसं.

पण मला यात सगळ्यात पटलेली गोष्ट वेगळीच आहे. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. सिग्नल पिवळा होतो, पुढे जाल तेवढे गुण जास्त, पण कधी आपटाल सांगता येत नाही. काही जण एकटे खेळले, काहींच्या बाजूला मित्र बसवले. १३ ते १६ वयाच्या मुलांनी मित्र बघत असताना बरीच जास्त जोखीम घेतली. १८ ते २२ वाल्यांनी थोडी जास्त. २४च्या पुढच्यांच्या वागण्यात मित्र असण्यानसण्यानं जवळजवळ फरक पडला नाही.

हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कोकणातली विहीर आली. माझा मामेभाऊ एकटा असताना पायरीवरून हळूच उतरायचा. काठावर चार चुलतबहिणी बसल्या की थेट रहाटाच्या खांबावरून मुटका! तेव्हा काठावर चारच जणी होत्या. आता फोन आहे, काठावर अख्खं गाव बसलंय आणि ते कधी उठून जातच नाही.

म्हणजे पंचवीस झाली की आपोआप अक्कल येते?

नाही हो. वर नावं वाचलीत ना.

मग वय वाढतं तसं धाडस का कमी होतं? घाबरट होतो का आपण?

माणसं जोखीम किती पसंत करतात याचे ७७ देशांतले सर्वेक्षणाचे आकडे घेऊन २०१६ साली एक अभ्यास झाला. बहुतेक देशांत वयाबरोबर ही आवड उतरत जाते. पण जिथे जगणंच कठीण आहे, गरिबी आहे, हिंसा आहे, तिथे ती फारशी उतरत नाही. म्हणजे म्हातारपणी सावध होणं ही काही प्रमाणात चैन आहे. ज्याला परवडते त्यानं करावी. बारा तास फुटपाथवर फळं विकून शेवटच्या गाडीच्या दारात लटकणाऱ्या साठीच्या माणसाला 'वय झालं, जपा' हे सांगायला आपण कोण?

उरलेलं उत्तर शरीरात आहे, आणि ते मला घाबरटपणापेक्षा प्रामाणिक वाटतं. हाडांची घनता तिशीच्या सुमारास सर्वांत जास्त असते, पुढे उतरण. बायकांची पाळी गेल्यावर ती उतरण एकदम तीव्र होते. स्नायू तिशीनंतर दर दहा वर्षांत थोडे थोडे कमी होत जातात. तोल सांभाळणारी कानातली यंत्रणा झिजते. आणि डोळे! याबद्दल कुणी बोलतच नाही. ढगाळ दिवशी बर्फावर सावल्या पडत नाहीत, सगळं पांढऱ्यावर पांढरं. त्यात उंचवटा कुठे, खळगा कुठे हे ओळखायला छटांमधला बारीक फरक दिसावा लागतो आणि वयाबरोबर तीच नजर मंदावते. गुलमर्गला दुपारी ढग उतरले की माझ्या तुकडीतली बावीस वर्षांची मुलगी बिनधास्त जायची आणि मी त्याच उतारावर पाय चाचपत. तिला मी भित्री वाटले असेन. मला खरोखरच दिसत नव्हतं.

शिवाय मोडलेलं हाड जुळायला लागणारा वेळ. पोराचा हात मोडतो, सहा आठवड्यांत तो पुन्हा क्रिकेटला. आपलं मनगट मोडलं तर ऑफिस, स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, सगळ्याला ग्रहण लागतं. उंची बदललेली नसते. पडल्यावर घरातल्या किती जणांची गाडी रुळावरून घसरेल, तो आकडा बदललेला असतो.

स्की भाड्यानं घेताना वय का विचारतात?

हा प्रश्न मलाच पडला होता, म्हणून सविस्तर.

बूट स्कीला जिथे अडकतो त्या खटक्याला बाइंडिंग म्हणतात. पडताना पाय पिळवटला की ते आपोआप सुटलं पाहिजे, नाहीतर स्की गुडघ्याला तरफेसारखी फिरवते. पण भलत्या वेळी सुटलं तरी घात. किती जोरानं सुटायचं, तो आकडा स्क्रू फिरवून बसवतात आणि त्यासाठी एक तक्ता असतो. वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी, आणि तुम्ही कसे स्की करता: जपून, मध्यम की बेदरकार. आणि वय.

गुलमर्गच्या दुकानात फळीवर निखाऱ्यांची कांगडी ठेवलेली, शेजारी बुटांचा ढीग आणि ओल्या लोकरीचा वास. तिथल्या मुलानं माझा बूट फळीवर आडवा ठेवला, पान उलटून तक्ता काढला आणि विचारलं, "मॅडम, उमर?" मी सांगितली. त्यानं बोट ज्या ओळीवर ठेवलं होतं तिथून एक ओळ वर सरकवलं आणि स्क्रू थोडा सैल केला. मी विचारलं, हे काय? म्हणाला, पन्नासच्या वर असलात की एक ओळ कमी. आणि नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांनाही तेच.

नियम म्हणाल तर एवढाच: नऊ वर्षांचं पोर आणि पन्नाशी ओलांडलेला माणूस, दोघांच्या हाडांना तक्ता एकाच नजरेनं बघतो. जगात बहुतेक ठिकाणी असाच तक्ता. मला पहिल्यांदा अपमान वाटला, हे कबूल करते. रात्री खोलीवर गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर ठेवून विचार केला तेव्हा वाटलं, आजवर माझ्या वयाचा इतका नेमका आणि निर्मत्सर हिशोब कुणी केला नव्हता.

एक सांगते, तिथे 'तुम्ही कसे स्की करता' याचं उत्तर खोटं देऊ नका. पुरुष स्वतःला एक पायरी वर सांगतात, बायका एक पायरी खाली. दोन्हींत गुडघाच जातो.

दहीहंडीशी याची तुलना करता येईल का?

करता येते, आणि करावीच. कारण वय आणि जोखीम यांची मांडणी आपल्या गोविंदा पथकांनी ज्या सरळपणे केली आहे तशी मी कुठे बघितली नाही. बेसला उभा राहतो तो तिशी-चाळिशीचा, खांदे भरलेला. मधल्या थरांना विशीतली पोरं. सगळ्यात वर, एक्क्याला, वजनानं हलकं पोर. वर चढणाऱ्याचा तोल आणि खालच्याची मान, दोन्ही पणाला. पण वरचा पडतो तेव्हा सगळे ओरडतात आणि खालच्याच्या मणक्यात चमक भरते ती घरी गेल्यावर कळते. चाळिशीतला बेसचा गडी 'आता आपण जोखीम घेत नाही' असं म्हणतो तेव्हा मला हसू येतं. बाबा रे, सगळा थर तुझ्या मानेवर उभा आहे.

कायद्यानंही वयाचाच धागा धरला. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं थरांची उंची २० फुटांवर आणि सहभागाचं वय १८वर आणलं. बरीच कोर्टकचेरी झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये उंचीची मर्यादा निघाली, १४ वर्षांखालच्या मुलांना मात्र बंदी राहिली. २०२२ मध्ये राज्य सरकारनं दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. उंचीवर वाद घालणारे दोन्हीकडे भरपूर भेटले. वयाच्या बाबतीत मात्र शेवटी सगळे कुठेतरी एका रेषेवर आले, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तुलना जिथे तुटते तीही जागा सांगते. कड्यावर स्कीवाला एकटा असतो. हंडीत तुमचा पाय सरकला तर खालचे अडवतात आणि वरचे तुमच्यासोबत येतात.

पुरुषांत हे जास्त आणि बायकांत कमी, खरं का?

सरासरीनं खरं. थराराची ओढ मोजायची प्रश्नावली मार्व्हिन झुकरमन या मानसशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात तयार केली. तिच्यात पुरुषांचे गुण जास्त येतात आणि वयाबरोबर दोघांचेही उतरतात.

आमच्या ट्रेकमध्ये मात्र मी उलटं बघते. चाळिशीतले पुरुष गळायला लागतात, गुडघा, पोट, कामाचा ताण. आणि त्याच वयात बायका यायला लागतात. मुलांची बारावी उरकलेली असते. नागफणीच्या टोकावरून दोरावर पहिल्यांदा लटकताना 'आधीच का नाही आले?' असं म्हणणाऱ्या पंचेचाळिशीच्या बायका मी डझनांनी पाहिल्या. वीस वर्षं धाडस नव्हतं असं नाही, रजा नव्हती.

पन्नाशीनंतर स्की शिकता येतं का? की उगाच हौस?

येतं. जपानचा युइचिरो मिउरा घ्या. मे १९७० मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, त्यानं पाठीला पॅराशूट बांधून एव्हरेस्टच्या साउथ कोल या खिंडीवरून, जवळजवळ ८,००० मीटरवरून, स्की केली. शेवटी तो पडला, घसरत गेला आणि एका मोठ्या हिमभेगेच्या थोडं अलीकडे थांबला. नशीब म्हणा. तोच माणूस पुढे ७०, ७५ आणि ८०व्या वर्षी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचला. शेवटच्या वेळी, २०१३ मध्ये, उतरताना दुसऱ्या कॅम्पवरून हेलिकॉप्टरनं आला आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटला नाही. त्याचे वडील केइझो मिउरा ९९व्या वर्षी मॉन्ट ब्लांकवरच्या व्हॅले ब्लांशमधून स्की करत उतरले.

जपानचाच नोरिआकी कासाई, स्की जंपिंगवाला, १९९२ ते २०१८ अशा आठ ऑलिंपिकांत उतरला. २०१४ला सोचीत वैयक्तिक रौप्य मिळालं तेव्हा तो ४१ वर्षांचा होता.

पण ही माणसं पाच वर्षांची असल्यापासून बर्फात आहेत, आपण वडापावात. पन्नाशीत शिकताना आपला फायदा एकच, शिकवणारा जे सांगतो ते आपण ऐकतो. विशीतली मुलं ऐकत नाहीत आणि तरी आपल्याआधी शिकतात, हा भाग वेगळा.

मुंबईत सराव कुठे करायचा?

बर्फावर कुठेच नाही. मॉलमधल्या कृत्रिम बर्फात घसरायची मजा येते, स्की येत नाही. जिने उतरा. चढू नका, उतरा, मांड्यांसाठी. आमच्या इमारतीची लिफ्ट तीन आठवडे बंद होती, माझी निम्मी तयारी तिनंच केली.

माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. हे व्हिडिओ बघून 'मला पण करायचंय' म्हणतो. काय सांगू?

'नको' म्हणू नका, फुकट जातं. माझा १९ वर्षांचा आहे, अनुभवानं सांगते. त्यानं मला असा एक व्हिडिओ दाखवला तेव्हा मी त्याला म्हटलं, "अरे, मागे घे. उडीच्या आधीचं दाखव." आधीचं नव्हतं. मग आम्ही बसून शोधलं. तोच स्कीवाला दोन दिवस तो कडा समोरून बघत होता, दोर लावून खाली उतरून काठीनं बर्फाची खोली मोजत होता, मधल्या एका दिवशी वारा फिरला म्हणून परत गेला होता. पोरगा गप्प झाला. "एवढं बोअर असतं?" म्हणाला.

हे बोअर असणं त्याला दिसू द्या. आणि मित्रांसमोर नाही, एकट्यानं काय करशील ते विचारा. रागाने नाही, खरंच उत्सुकतेनं. मग त्याचं नाव घाला कुठेतरी जिथे दोर बांधायला आधी शिकवतात आणि लटकायला नंतर देतात.

विम्याचं काय?

प्रवास विम्याच्या बहुतेक पॉलिसींत आखलेल्या उताराबाहेरचं स्कीइंग आणि साहसी खेळ वेगळे पैसे भरल्याशिवाय धरत नाहीत. बारीक अक्षरातलं वाचा. आयुर्विम्याच्या अर्जात घातक छंद विचारतात, तिथे ट्रेकिंग लपवू नका.

तुम्ही स्वतः मारली का उडी?

मारली. हसू नका.

शेवटच्या दिवशी सरावाच्या उताराच्या कडेला वाऱ्यानं बर्फाची एक ओठासारखी कड तयार झाली होती. मांडीएवढी उंच असेल. आमचा शिकवणारा, पंचविशीतला काश्मिरी मुलगा, खाली जाऊन उभा राहिला आणि हात हलवला. मी कडेपर्यंत आले आणि थांबले. पुन्हा मागे गेले. पुन्हा आले, थांबले. उतार बघितला, बर्फ काठीनं टोचून बघितला, पुढे कुणी नाही ना बघितलं. खाली सगळं ठीक होतं. दहा मिनिटं तरी मी त्या मांडीएवढ्या कड्याशी वाटाघाटी केल्या असतील. तेवढ्यात सात-आठ वर्षांची दोन स्थानिक पोरं माझ्या बाजूनं एकामागोमाग एक उडी मारून गेली, वळूनसुद्धा न बघता.

मग मारली. अर्धा सेकंद हवेत असेन. उतरले, दोन हात पुढे गेले आणि डावीकडे कलंडले. डावी स्की खट्कन सुटली आणि एकटीच खाली निघून गेली. गुडघ्याला काही झालं नाही. एक ओळ वर सरकवलेलं ते बोट आठवलं.

घरी आल्यावर मुलाला व्हिडिओ दाखवला. त्यानं दोनदा बघितला, तिसऱ्यांदा मध्येच थांबवला आणि फोन माझ्यासमोर धरला. "आई, एवढी दहा मिनिटं काय बघत होतीस?" बोट ठेवलं होतं तिथे माझ्या हनुवटीखाली हेल्मेटचा पट्टा लोंबत होता. दिवसभर मी तो लावलाच नव्हता.